चमच्यांचा खण

“आधी हिचं ऐकू द्या. मग तुमचं.”

एवढं बोलून मिस्त्री उजव्या हाताचं मधलं बोट वाकवायचे आणि गाडीच्या पत्र्यावर तीनदा टकटक करायचे. डावा तळवा थोडा पुढे पत्र्याला टेकलेला, डोळे मिटलेले. डॉक्टर पाठीवर बोटं वाजवून छाती तपासतात ते तुम्ही पाहिलं असेल, अगदी तसं. तोवर मी हातात यादी घेऊन उभी.

यादी करणं हा माझा स्वभाव आहे आणि पोटापाण्याचा धंदाही. अंबरनाथच्या एका कारखान्यात माल रवाना करण्याचं खातं मी सांभाळते. खोकी, शिक्का, कागद, गाडीचा नंबर, सगळ्यांवर खूण झाल्याशिवाय आमचं फाटक उघडत नाही. घरीही औषधं, किराणा, गॅसची नळी कधी बदलली, सगळं वहीत असतं. त्यामुळे आमच्या घरगाडीची वही पहिल्या आठवड्यातच सुरू झाली.

घरगाडी म्हणजे जुनी सतरा सीटची टेम्पो ट्रॅव्हलर. आधीच्या मालकानं आतल्या सीटा काढून पलंग, ओटा, सिंक आणि इवलासा संडास बसवला होता आणि हौस फिटल्यावर ती विकायला काढली होती. आम्ही मात्र ती हौसेनं घेतली नाही. आईच्या खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि तेव्हापासून तिला अर्ध्या तासाच्या वर बसवत नाही. तिची धाकटी बहीण, माझी मावशी, चिपळूणच्या पुढे एका वाडीत राहते. तिचे गुडघे गेलेले. दोघी रोज सकाळी फोनवर ओरडून बोलतात, कारण दोघींनाही कमी ऐकू येतं. सहा वर्षं भेट नव्हती. “ती येणार नाही, मी जाणार नाही. मग झालंच की,” असं आई एकदा पडल्या पडल्या लसूण सोलताना म्हणाली. सहज म्हणाली, पण त्या वाक्यामुळे ती गाडी आमच्या दारात आली. पावसाळ्याआधी आईला मावशीकडे न्यायचं, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा मारल्या. पाऊस लागला की मावशीच्या वाडीचा रस्ता एवढ्या मोठ्या गाडीला बंद होतो.

बदलापूरला, हेंद्रेपाड्यातल्या आमच्या सोसायटीत ती पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा तिघांनी येऊन विचारलं, कोण सिरीयस आहे?

सिरीयस गाडीच होती. आधी सिंकचा पंप गेला, मग खिडकीतून पाणी यायला लागलं, मग पलंगाची बिजागरी निखळली. संडासचं दार वळणावर आपोआप उघडायचं आणि सरळ रस्त्यावर काही केल्या उघडायचं नाही. गॅरेजवाला म्हणे हे सुताराचं काम. सुतार म्हणे प्लंबरला दाखवा. प्लंबर गाडी बघून हसला आणि गेला. माझ्या नवऱ्याला गाडी घेताना फार उत्साह होता, पण दुरुस्ती निघाली की त्याला ऑफिसची कामं आठवत. शेवटी आमच्या कारखान्यातल्या एका ड्रायव्हरनं मिस्त्रींचा पत्ता दिला.

उल्हासनगरात, पाच नंबर कॅम्पच्या अंगाला त्यांची पत्र्याची शेड होती. राहायला अंबरनाथला, बुवापाड्यात. मूळ साताऱ्याकडचे. आधी फर्निचरच्या कारखान्यात होते, पुढे बसच्या बॉड्या बांधल्या, त्यामुळे लाकूड, पत्रा, वायर आणि नळ या चारही गोष्टी त्यांच्या हाताला ओळखीच्या. वय साठीच्या आसपास, अंगानं काटकुळे, कानावर पेन्सिल. शेजारी रबराच्या सामानाचं दुकान होतं, त्याचे सिंधी मालक त्यांना ‘साईं’ म्हणायचे आणि हेही त्यांना ‘साईं’च म्हणायचे. दोघं भिंतीपलीकडून एकमेकांना हाका मारत. “साईं, खिडकी की पट्टी देना. ओरिजिनल नको, टिकनेवाली दे.”

पहिल्या दिवशी मी एकोणीस कामांची यादी त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी ती वरपासून खालपर्यंत नीट वाचली, घडी केली आणि मला परत दिली.

“अक्षर छान आहे, ताई. एका फेरीला एकच काम.”

“एकच? मग एकोणीस फेऱ्या?”

“जास्त. मध्ये नवीन निघतील ना.”

मी विचारलं, एका दिवशी दोन केली तर काय बिघडतं? त्यांनी गाडीच्या दाराला टेकून मला समजावलं. “आज मी पंप पण केला, वायर पण केली. उद्या लाइट गेली. कुणामुळे गेली? पंपामुळे की वायरमुळे? तुम्ही म्हणणार मिस्त्रीमुळे. एक काम करायचं, गाडी चालवायची, तिचं ऐकायचं, मग दुसरं. हिच्यात दोघं राहतात, ताई. घर म्हणतं थांब, गाडी म्हणते चल. दिवसभर भांडण. एकाला गप केलं की दुसरा बोलतो.”

हिशेबी माणसाला हे पटणं अवघड होतं. एका फेरीत तीन कामं उरकण्यात माझं सगळं आयुष्य गेलेलं. पण पर्याय नव्हता.

काम झालं की ते मला गाडी चालवायला सांगायचे आणि स्वतः मागे आईच्या पलंगावर आडवे व्हायचे. उल्हासनगरहून निघून अंबरनाथवरून बदलापूरच्या दिशेनं. सगळं जग खड्डे चुकवतं, आम्ही शोधत होतो. मागून आवाज यायचा, “डावीकडचा सोडला तुम्ही. चांगला मोठा होता.” मग मी वळून पुन्हा त्या खड्ड्यातून. शेजारून जाणारे रिक्षावाले माझ्याकडे बघायचे ते मला अजून आठवतं.

यादीत सातव्या नंबरवर होतं : ‘ओट्याखालचा चमच्यांचा खण वाजतो.’ दर खेपेला मी ते दाखवायचे आणि दर खेपेला मिस्त्री पुढच्या ओळीवर बोट ठेवायचे.

“ते राहू द्या.”

“अहो, पण डोकं उठतं.”

“उठू द्या. तेवढं एक वाजू द्या.”

मला वाटलं, कंटाळा करतायत. मी सातव्या नंबरभोवती लाल गोल केला.

गाडीत आई नेमकी कशी झोपणार हे बघायला ते एकदा घरी आले. आईनं त्यांना आधी चहा दिला, मग गाव, मुलं, गुडघे, सगळी चौकशी केली. दोघांचं इतकं जमलं की मला घड्याळ दाखवावं लागलं. मग खाली गाडीत आईला पलंगावर निजवलं. मिस्त्री म्हणाले, “आजी, आता डोळे मिटा आणि उठा.”

“डोळे मिटून कशाला? मी काय आंधळी आहे?”

“सकाळी उठताना अर्धी झोपच असते की. उठा तुम्ही.”

आईनं डोळे मिटले. तिचा डावा हात हवेत चाचपडत वर गेला आणि लाकडी भिंतीवर टेकला. मिस्त्रींनी कानावरची पेन्सिल काढून त्या हाताभोवती रेघ मारली. दुसऱ्या दिवशी बरोबर तिथे एक मूठ बसली, रबर गुंडाळलेली. हे काम माझ्या यादीत नव्हतं. ते मला सुचलंच नव्हतं.

एप्रिल संपता संपता आठ कामं उरली होती. मिस्त्री गावच्या जत्रेला आणि पुतण्याच्या लग्नाला तीन आठवडे जाणार होते. “आलो की पुरी करतो. घाई करू नका,” म्हणाले. मी मान हलवली.

आणि घाई केली. हायवेवर एक मोठं वर्कशॉप आहे. तिथे माझी यादी त्यांनी फळ्यावर लावली, पाच माणसं एकदम कामाला लागली आणि दीड दिवसात आठही कामं झाली. पाण्याची मोठी टाकी बसली, बॅटरीची जागा बदलली, मागच्या चाकांवरचे, धक्के झेलणारे कमानीचे पाटे उघडून पुन्हा आवळले. चमच्यांचा खणही. आत जाड फोम चिकटवला, आवाज बंद. मी आठ खुणा केल्या. त्या संध्याकाळी मला काय समाधान वाटलं ते यादी करणाऱ्यालाच कळेल.

पुढचे चार दिवस गाडी बदलापुरातच फिरवून बघितली. शांत चालली. पाचव्या दिवशी पहाटे आईला निजवून निघालो. ती नवं लुगडं नेसली होती. मावशीसाठी लसणीची चटणी, दोन साड्या आणि तिच्या गुडघ्यांसाठी तेल.

कर्जत मागे टाकलं आणि गाडी मागून पोहायला लागली. वळणावर मागचा भाग एकीकडे जायचा आणि परत यायला वेळ लावायचा. मी कडेला घेतली. पंक्चरवाला म्हणाला टायर. ढाबेवाला म्हणाला पाण्याची टाकी एका बाजूला बसवलीये. एक ट्रकवाला खाली वाकून म्हणाला बॅटरीचं वजन. आठ कामं एकदम केली होती, त्यामुळे आठही कामांवर संशय. खरं काय ते कुणालाच सांगता येईना. पुढे अख्खं कोकण पडलं होतं आणि मागे आई झोपलेली होती. मी गाडी वळवली आणि सायकलच्या वेगानं घरी आणली.

वाटेत आईनं मावशीला फोन लावला. या वेळी ती ओरडली नाही. “अगं, आज नाही,” एवढंच म्हणाली. नवऱ्यानं पाण्याची बाटली पुढे केली, ती तिनं घेतली नाही.

मिस्त्री गावाहून आले. मी मनातल्या मनात बोलणी खायची तयारी करून गेले होते. त्यांनी टकटक केली, तळवा टेकला, डोळे मिटले आणि पटकन उघडले. आत चढून त्यांनी चमच्यांचा खण ओढला आणि फोमवर अंगठा दाबला.

“हिचं तोंड कुणी बंद केलं?”

“मी.”

ते रागावले नाहीत. फोम सोलून काढत बोलले, “ताई, हा खण बरोबर मागच्या चाकाच्या डोक्यावर आहे. पाटे ठीक असतील तर चमचे एका लयीत वाजतात. बोल्ट ढिला व्हायला लागला की लय चुकते. चार दिवस गावात फिरवलीत ना? पहिल्याच दिवशी तिनं तुम्हाला सांगितलं असतं.”

मग खाली शिरून त्यांनी कमानीचा बोल्ट मला हातानं फिरवून दाखवला. पान्याशिवाय फिरत होता.

“हे मला आधी का नाही सांगितलं?”

“सांगायला पाहिजे होतं,” ते म्हणाले. “मला वाटलं, राहू द्या म्हटलं की राहील.”

तो मे महिन्याचा शेवट होता. बोल्ट सापडला तरी वर्कशॉपच्या बाकीच्या कामांचा मिस्त्रींना भरवसा नव्हता. फोम निघाला होता, उरलेली सात कामं उलगडून पुन्हा करायची म्हणजे सात फेऱ्या, आणि मावशी फोनवर सांगत होती की वाडीत ढग दिसायला लागले. मला वाटलं, आता तरी ते नियम मोडतील. त्यांनी मोडला नाही. पण शेड बंद करून ते रोज सकाळी पिशवी घेऊन हेंद्रेपाड्यात आमच्या दारात यायला लागले. एक काम, एक फेरी, चहा, आईशी गप्पा, आणि घरी. दिवसाची बाकीची गिऱ्हाइकं त्यांनी आमच्यासाठी परत पाठवली, हे मला रबरवाल्या शेठनं नंतर सांगितलं. सातव्या दिवशी ते मागे आडवे पडले. अंबरनाथ आलं तेव्हा आवाज आला, “जा आता.”

दुसऱ्या दिवशी गेलो. संपूर्ण रस्ताभर चमचे वाजत होते, एका लयीत. मावशी काठी टेकत अंगणात उभी होती. तिला धरून आम्ही गाडीत चढवलं. दोघी पलंगावर शेजारी बसल्या आणि पहिली पाच मिनिटं एकमेकींचे हात बघत राहिल्या. मग मावशीनं ओटा पाहिला आणि म्हणाली, “एवढ्याशा ओट्यावर भाकरी कुठे थापायची?” त्यानंतर चार दिवस त्यांचं तोंड थांबलं नाही. मावशी घरात झोपलीच नाही. दोघी गाडीतच. परत निघालो त्या दुपारी पाऊस सुरू झाला.

मी पेढे घेऊन उल्हासनगरला गेले. भेट कशी झाली, रस्ता कसा होता, यातलं त्यांनी काहीच विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, “आजी कुठल्या हातानं उठल्या?”

“डाव्या.”

“मूठ सापडली?”

“लगेच.”

“मग झालं,” म्हणाले आणि पेढा अर्धा करून भिंतीपलीकडे साईंना दिला.

त्यानंतर अडीच वर्षं गाडी त्यांच्याच हाताखाली होती. यादी कधी संपली नाही. एक पुसलं की एक वाढायचं. मलाही ते अंगवळणी पडलं. वहीत मी नवा रकाना केला, ‘काम झाल्यावर काय ऐकलं’, आणि मिस्त्री तो वाचून खूश व्हायचे. एकदा त्यांनी त्यात स्वतः पेन्सिलीनं लिहिलं : ‘पंखा बरोबर. ताईंचा गिअर कर्कश.’

मागच्या हिवाळ्यात मी तीन कामं घेऊन गेले. शेडला कुलूप होतं. रबरवाले शेठ गल्ल्यावरून उठून बाहेर आले. नेहमीसारखी हाक मारली नाही. “साईं गेला, ताई. दोन दिवस छाती दुखली, बस.” मग त्यांनी मला बसायला खुर्ची दिली. आम्ही दोघं त्या कुलपाकडे बघत चहा प्यायलो.

निघताना त्यांनी खिडकीच्या रबराची गुंडाळी माझ्या हातात ठेवली. “तुमच्यासाठी काढून ठेवायला बोलला होता. टिकनेवाली.”

ती मी स्वतः बसवली. पूर्ण एक रविवार लागला आणि त्या रविवारी दुसरं काही केलं नाही.

आता मोठ्या प्रवासाआधी मीच पत्र्यावर बोट वाजवते. मला त्यातलं फारसं कळत नाही, तरी तळवा टेकून उभी राहते. मग गाडी सुरू करून हेंद्रेपाड्याचा एक फेरा मारते. वर्षातून एकदा मावशीकडे जायचं ठरलेलं आहे. आई मागे आडवी, डावा हात मुठीवर. फाटकाशी आलं की ती मागून विचारते,

“वाजतायत का गं?”

मी कान देते.

“वाजतायत, आई.”

“मग चल.”