बिननंबराचं विमान

माझ्या थोरल्या भावाने मुंबईच्या एका फ्लाइंग क्लबात बारा वर्षं विमानं दुरुस्त केली. एकदा इंजिन सुरू करताना पंखा उलटा फिरला आणि त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. मग तो रेडीला घरी परतला. येताना त्याने विमान आणलं.

हे सांगितलं की अजूनही लोकांना थट्टा वाटते. दुसरं महायुद्ध संपल्यावर सरकारने मोडकी विमानं लिलावात काढली होती. त्यातलंच एक, दोन माणसं मागेपुढे बसतील एवढं, एका भंगारवाल्याच्या आवारात पावसात भिजत पडलं होतं. दादाने ते भंगाराच्या भावात विकत घेतलं, पंख सोडवले आणि वेंगुर्ल्याला येणाऱ्या गलबतावर चढवलं. बंदरातून तीन बैलगाड्यांवर ते आमच्या काजूच्या बागेतल्या मांगरात आलं. तिथे आम्ही गवत आणि अवजारं ठेवायचो. गवत बाहेर गेलं.

दोन वर्षं तो त्या मांगरात राहिल्यासारखाच होता. डाव्या हाताने रंधा मारायला शिकला. कुजलेल्या फासळ्या काढून नव्या बसवल्या. पंखांचं कापड वहिनीने आपल्या शिवणयंत्रावर शिवलं. ते ताणून बसवल्यावर त्यावर एक रोगण द्यावं लागे. त्याला अतिपिकल्या केळ्यांसारखा वास यायचा. वहिनीचं डोकं त्याने दिवसभर दुखायचं, पण ती कपाळाला फडकं बांधून ब्रश चालवत राहायची. इंजिन पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा आवाजाने शेजारची गुरं दावी तोडून पळाली. दादा हसला. त्याचं तसं हसू मी नंतर फारसं पाहिलं नाही.

उडवायचं कोणी, हा प्रश्न नव्हता. क्लबातला एक वैमानिक त्याचा मित्र होता. ओहोटीला रेडीच्या किनाऱ्यावरची पुळण कठीण होते, तिथून विमान सहज उठेल, असं तो म्हणाला होता. "नंबर मिळाला की कळव, मी येतो." मोटारीला जसा नंबर, तशी विमानाला अक्षरं. आधी देशाची 'व्हीटी', मग आणखी तीन. ती पंखावर रंगवल्याशिवाय विमान जमिनीवरून उचलायचं नाही, असा कायदा.

दादाला लेखणी धरवत नसे. मी तेव्हा गावच्या शाळेत शिकवत होते, मॅट्रिकपर्यंतचं इंग्रजी येत होतं. म्हणून अर्ज मी लिहायचे. पहिल्याच अर्जात एका रकान्याशी माझा हात थांबला. कारखान्याने विमानाला दिलेला क्रमांक लिहायचा होता. तो एका पितळी पट्टीवर ठोकलेला असतो आणि ती पट्टी बसायच्या जागेशेजारी असते. आमच्या विमानात तिथे फक्त रिबिटांची दोन भोकं होती.

"काय लिहू?" मी विचारलं.

"खरा ता लिही गो. पट्टी नाय, म्हणान लिही."

मी तसं लिहिलं. तीन महिन्यांनी दिल्लीहून उत्तर आलं: क्रमांक कळवावा, म्हणजे अर्जाचा विचार करता येईल. आम्ही पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच उत्तर आलं. दादा मुंबईला गेला. भंगारवाला वारला होता आणि मुलाने आवारात लाकडाची वखार टाकली होती. लिलावाच्या कागदावर एवढंच होतं: मोडकी विमानं, नग पाच. कुठली पाच, ते नव्हतं.

चौथ्या की पाचव्या अर्जानंतर एक तपासनीस आले. उतारवयाचे, सौम्य गृहस्थ. सकाळपासून दुपारपर्यंत ते हातात बॅटरी घेऊन विमानाच्या पोटात शिरत होते, फासळ्या नखाने वाजवून बघत होते. वहिनीने त्यांना फणसाची भाजी आणि सोलकढी वाढली. जेवताना ते म्हणाले, "इतकं नेटकं काम मी फार थोड्या ठिकाणी पाहिलंय."

दादाने मान वर केली. "मग नंबर मिळेल?" ऑफिसातल्या माणसाशी तो असा शुद्ध बोलायचा.

त्यांनी घास खाली ठेवला. "तयार झालेलं प्रत्येक विमान कुठेतरी लिहिलेलं असतं. त्यातलं हे कुठलं, ते मला कळायला हवं. हे चोरीचं नाही, उडवायला कायमचं बाद ठरवलेलं नाही, हे मी कशावरून लिहू? माझा विश्वास आहे हो तुमच्यावर. पण वहीत विश्वासाचा रकाना नाही."

ते गेल्यावर दादा उष्ट्या हाताने तसाच बसून राहिला.

पुढे मी जे केलं ते मी दादा सोडून आजवर कोणाला सांगितलेलं नाही. सावंतवाडीला परीक्षेच्या कामासाठी गेले असताना एका तांबटाकडून तेवढ्याच मापाची पितळी पट्टी करून घेतली. क्रमांक मनानेच रचला. चिंचेने घासून, मातीत पुरून ती जुनी केली आणि दादाच्या हातात ठेवली.

त्याने ती उजेडात धरली. "हो नंबर तुका कोणी दिलो?"

"कोणी नाय. मीच घातलंय. दादा, कोणाक कळाचा नाय."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो हळू आवाजात म्हणाला, "हो नंबर दुसऱ्या खंयच्या तरी विमानाचो आसतलो. तेच्यात माणसां बसतत. तेचो कागद आणि आमचो कागद एक झालो, आणि उद्या काय झाला, तर कोणाचा काय मोडला ता कोणाक कळतला?" पट्टी त्याने शेगड्याच्या लोखंडी पकडीत धरून दुमडली आणि मला परत दिली. त्यानंतर सहा महिने त्याने मला अर्ज लिहायला बोलावलं नाही.

तेवढ्यात गोव्याच्या हद्दीवर तणाव वाढला. तेरेखोलची खाडी ओलांडली की पोर्तुगीजांचा मुलूख. एक दिवस फौजदार दोन शिपाई घेऊन मांगरात आला. माणूस उद्धट नव्हता. विमानाभोवती एक फेरी मारून म्हणाला, "मास्तरीणबाई, नंबर नसलेलं विमान, आणि पलीकडे पोर्तुगीज. मी वर काय कळवायचं?"

मी दिल्लीच्या पत्रांचा गठ्ठा पुढे केला. त्याने दोन पत्रं वाचली. "यात तर नंबर नाही असंच लिहिलंय."

पंखा काढून चौकीत जमा करायचं ठरलं. दादाने तो स्वतः सोडवला, गोणपाटात गुंडाळला. पंचनाम्यात लिहिलं: लाकडी पंखा एक, नंबर नाही. खाली दादाने डाव्या हाताने सही केली.

तो पंखा चौकीच्या पडवीत चार पावसाळे भिंतीला टेकून उभा होता. शाळेत जाता-येता मला दिसायचा. दादाने तो रस्ताच सोडला. मधल्या काळात त्याचा वैमानिक मित्र परदेशी गेला. जाताना त्याने पत्र लिहिलं, त्यात विमानाचा उल्लेख नव्हता.

गोवा मोकळा झाला तेव्हा रेडीत पेढे वाटले. पंधरा दिवसांनी चौकीतून निरोप आला, सामान घेऊन जा. गाडीवरून पंखा आणला तर एका बाजूने पिळवटलेला होता. मांगरात जाऊन दादाने विमानाच्या पंखातल्या मुख्य दांड्यावर अंगठा दाबला. अंगठा आत गेला. रंगाखालचं लाकूड वाळवीने पोखरून टाकलं होतं. वहिनी दाराशी उभी होती, ती तिथूनच मागे वळली.

त्याच महिन्यात दिल्लीहून नव्या नमुन्याचा छापील फॉर्म आला. आधीचे अर्ज निकाली काढले आहेत, हवं असल्यास नव्याने करावा.

"भरू?" मी विचारलं.

"कित्याक?" दादा म्हणाला.

रेडीच्या बंदरात तेव्हा लोहखनिजाच्या बोटी भरायला लागल्या होत्या. तिथे तो इंजिनं दुरुस्त करायला जाऊ लागला. संध्याकाळी तांबड्या धुळीने माखून यायचा, न्हाऊन जेवायचा आणि झोपायचा. विमानाबद्दल कोणी विचारलं तर "होता एक" म्हणायचा.

मांगराचं छप्पर खचलं त्या वर्षी वहिनीने पंखांचं कापड सोडवून काढलं. फडक्यांना तरी होईल म्हणून धुऊन पाहिलं, पण ते पत्र्यासारखं कडक होतं. शेवटी अंगणात पाचोळ्याबरोबर घातलं. रोगणामुळे ते भपकन पेटलं आणि आम्ही मागे सरेपर्यंत संपलंसुद्धा. दादा ओट्यावर चहा पीत होता. त्याने कप खाली ठेवला, चपला घातल्या आणि बंदरावर कामाला निघून गेला.