चपला काढा!

आमच्या अलिबागच्या दवाखान्यातून तपासणीसाठी रक्ताच्या नळ्या मुंबईला जातात, किस्से मात्र इथेच साठतात. हार्टच्या डॉक्टर मॅडमकडे मी आठ वर्षं रक्त आणि ईसीजी काढतोय. दुसरा कोणी असता तर एव्हाना विसरला असता, पण माझं डोकं म्हणजे आईच्या भाषेत नको ते साठवायचं मडकं!

*

थंडीत चौलचे एक काका कोलेस्ट्रॉल तपासायला आले. मी विचारलं, "उपाशी आहात ना?"

"एकदम उपाशी! भाताचं शीत न्हाय पोटात."

रक्त बघितलं तर वर दुधासारखी साय. मॅडमनी विचारलं, "काका, रात्री काय खाल्लंत?"

"पोपटी होती वाडीत. मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा, कोंबडी, अंडी... पण ती काय जेवण हाय का?"

मॅडम गंभीरपणे म्हणाल्या, "नाही हो. पण पुढच्या वेळी मडकंही घेऊन या, दोघांची तपासणी करू!"

*

एका कोळीण आजींना ट्रेडमिलवर चढवलं. आयुष्यभर डोक्यावर मासळीची पाटी घेऊन चाललेली बाई! पट्टा वेगात, मी घामाघूम आणि आजी गप्पा मारतायत. शेवटी मीच बटण दाबलं.

आजी भडकल्या. "येवढ्यात मी रेवदंड्याला पोचले असते! हितं हाय तिथंच हाय. काय मेली ही गाडी!"

रिपोर्ट नॉर्मल. मॅडम खुर्चीतून उठून त्यांना दारापर्यंत सोडायला गेल्या.

*

मॅडमची एक पद्धत आहे. छातीला हात लावण्याआधी त्या जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर पेशंटची वंशावळ काढतात, कोण कधी गेलं, कसं गेलं. मग म्हणतात, "चपला काढा." आणि टाचा बघतात. लोक बाहेर जाऊन सांगतात, "दुखतंय छातीत आणि बाई बघते पाय!"

स्वतः मात्र मे महिन्यातसुद्धा मोजे आणि बूट. आमच्या सिस्टर शिल्पाताईंनी एकदा विचारलंच, "मॅडम, उकडत नाही?"

"सर्दी होते गं मला."

मे महिन्यात! आम्ही आठवडाभर हसत होतो.

*

चौलचा जनार्दन आला तेव्हा चाळिशीला टेकला होता. घरचे सगळे माडावर चढून नारळ काढणारे.

"आमच्यात हार्टबिर्ट न्हाय, मॅडम. बाबा माडावरून पडून गेले. काका होडीत झोपले ते उठलेच न्हाय."

"वय?"

"बाबा चव्वेचाळीस. काका बेचाळीस."

मॅडमचं पेन थांबलं. "जनार्दन, बाबा पडून गेले की जाऊन पडले?"

मग त्याने चपला काढल्या. दोन्ही टाचांच्या वर मागच्या शिरेवर कडक गाठी.

"हे घट्टे हायत. पायात दोर घालून चढतो ना, आमच्या सगळ्यांनाच हायत."

मॅडमनी कोलेस्ट्रॉल मागवलं, आकडा बघून जेनेटिक टेस्टही करायला सांगितली.

*

रिपोर्ट आला. मॅडम म्हणाल्या, "कोलेस्ट्रॉल जन्मापासून जास्त, टाचांवरच्या गाठीही त्याच्याच. दोष वडिलांकडून आलाय."

जनार्दन म्हणाला, "म्हंजी बाबांनी वाडीबरोबर हेही नावावर करून ठेवलं!"

"हो, पण यावर गोळ्या आहेत. आणि सातबाऱ्यावर सगळ्या वारसांची नावं लागतात ना? भाऊ-बहिणींना आणा. प्रत्येकाला निम्मी निम्मी शक्यता."

बहीण आली. तिचं रक्त ठीक निघालं, जनार्दन तिथेच रडला. धाकटा दिनेश मात्र येईना. वय छत्तीस, रोज वीस माड चढणारा. निरोपांवर निरोप गेले. उत्तर एकच, "मला काय धाड भरलीय?"

मला रात्रंदिवस त्या पोराची धास्ती. एक दिवस वरूनच खाली आला तर?

*

शेवटी एका रविवारी मॅडमनी मला सुई-नळ्यांसकट गाडीत बसवलं आणि चौलची वाडी गाठली. दिनेश माडाच्या शेंड्यावर होता.

"खाली ये रे. एक चमचा रक्त हवंय."

"न्हाय येत! आमच्या पायाला घट्टे हायत घट्टे! माडावर चढणाऱ्याला हुतातच. तुमाला काय ठावं?"

जनार्दन खालून हात जोडत होता. "दिन्या, बाबा याच माडावरनं..."

"दादा, गप र्‍हा!"

मला वाटलं, आता मॅडम चिडणार. त्या चिडल्या नाहीत. माडाच्या बुंध्याशी बसल्या, बूट काढले, मोजे काढले. उठून उभ्या राहिल्या, आमच्याकडे पाठ केली आणि साडी वीतभर वर धरली.

दोन्ही टाचांच्या वर तशाच गाठी.

"बघ नीट," मान वर न करता त्या म्हणाल्या. "मी जन्मात माडावर चढलेले नाही, दिनेश."

मग वरून दोर घासल्याचा आवाज येऊ लागला. दिनेश उतरला, माझ्यासमोर बसला आणि हात पुढे केला.

"घ्या."

आठ वर्षांत पहिल्यांदा मला शीर सापडेना.

दिनेश म्हणाला, "भाऊ, माड मी उतरलो. हात तुमचा का कापतोय?"