रिकामी गाडी सरळ चालायची

गाडी डावीकडे ओढायची. मूर्तिजापूर सोडलं की जास्तच. स्टिअरिंग सरळ धरलं तरी नाक हळूहळू कडेच्या पांढऱ्या पट्टीकडे सरकायचं. मी उजवीकडे आणायचो, ती पुन्हा जायची. असल्या गाड्या मी पुष्कळ चालवल्यात, त्याचं एवढं काही नसतं. पण माझ्या शेजारी, सीट मागे पाडून, काकू झोपलेल्या असायच्या. त्यांचं दुखणं कमरेच्या हाडात उतरलं होतं. मी स्टिअरिंग जरासं वळवलं तरी त्यांचा श्वास दातांतून आत ओढला जायचा. ओरडायच्या नाहीत. त्या ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

रोज बडनेऱ्याहून अकोल्याला जायचं, मशीनचा शेक घ्यायचा आणि परत यायचं. तिथंच खोली करून राहा, असं डॉक्टरांनी सांगून पाहिलं होतं. काकूंचं माहेर अकोटकडचं, खारपाण पट्ट्यातलं. "खारं पाणी मी लगन होईपर्यंत पेली. जलमभराचं झालं," म्हणायच्या. त्यामुळे अकोल्याला जातानाही घरच्या पाण्याचे कॅन बरोबर. एक डिकीत, एक त्यांच्या सीटमागे. आणि काकाजी, म्हणजे त्यांचे यजमान, रेल्वेतून रिटायर झालेले, त्या कॅनच्या बाजूला अंग चोरून बसायचे. उजवीकडे ऐसपैस जागा असायची, पण तिथून काकूंचं डोकं धरता येत नसे. उशीच्या दोन्ही बाजूंनी हात घालून ते डोकं धरून ठेवायचे, थेट अकोल्यापर्यंत.

मी त्यांच्यातला नव्हे. माझं गाव चंदगडकडं, पार दुसऱ्या टोकाला. आठवीत शाळा सुटली, मग डंपर. हाच चौपदरी रस्ता होत होता तेव्हा मी मुरूम टाकायला आलो होतो. काम संपलं, कंपनी गेली आणि मी काकूंच्या घरामागच्या खोलीत काविळीनं पिवळा होऊन पडलो. मला तेव्हा त्यांची भाषाही धड कळत नव्हती. "काय करून राहिला?" असं विचारलं की मला वाटायचं, कुठं राहतोस विचारतायत. त्या बाईनं मला महिनाभर मऊ भात आणि ताक दिलं, जातपात, गाव, काही न विचारता. बरा झाल्यावर काकाजींनी गाडीची किल्ली हातात दिली. तेव्हापासून एकच धास्ती होती, की माझ्या हातून काही चुकेल आणि ही किल्ली परत द्यावी लागेल.

म्हणून आधी मी रस्त्याला दोष दिला. पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याला डावीकडे उतार देतात, तो मीच तर पाहिला होता. मग हवा तपासली. मग पुढची दोन्ही चाकं अदलाबदल करून पाहिली, कारण टायर खराब असेल तर ओढ दुसऱ्या बाजूला जाते. गेली नाही. तेव्हा अमरावती रोडवर चाकं सरळ लावून देणाऱ्या अलाइनमेंटवाल्याकडे न्यायचं ठरलं.

न्यायच्या आधी काकाजींनी गाडी रिकामी केली. गादी, उश्या, ओकारीचं घमेलं, पाण्याचे कॅन, काकूंचा डोक्याला बांधायचा रुमाल. सगळं घरात. मग फिनेलच्या पाण्यानं आतून पुसली, बाहेरून धुतली. डॅशबोर्डवरची बुद्धाची छोटी मूर्तीसुद्धा पुसून परत जागेवर ठेवली. कॉलनीत त्यांनी सांधेदुखी म्हणून सांगितलं होतं. "बिमाराची गाडी दिसू नये," एवढंच मला म्हणाले. इस्त्रीच्या शर्टाशिवाय दारात न येणारा माणूस.

अलाइनमेंटवाल्यानं चाकांना प्लेटा लावल्या, पडद्यावरचे लाल आकडे हिरवे केले, स्वतः चक्कर मारून आला. गाडी सरळ. मीही आणताना हात सोडून पाहिलं, सुतासारखी सरळ. दुसऱ्या दिवशी लोणीपर्यंत पोचलो नाही तोच डावीकडे.

पुन्हा गाडी रिकामी केली, धुतली, नेली. पुन्हा हिरवे आकडे.

"दादा, गाडी नाही ओढून राहिली, तुमीच ओढून राहिले," तो म्हणाला. "खांदा दाखवा कोण्या डॉक्टरले."

दुकानातले सगळे हसले, मीही हसलो. पण घरी येऊन खोलीत ताट हातात धरून पाहिलं, डावीकडे झुकतं का. खरंच वाटायला लागलं होतं की दोष हातातच आहे. काविळीनंतर काहीतरी राहून गेलं असेल. ते काकाजींना सांगायला हवं होतं आणि सांगायची हिंमत नव्हती.

त्याच आठवड्यात एकदा, परत येताना बोरगावच्या पुढे, ट्रकला चुकवायला मला एकदम उजवीकडे घ्यावं लागलं. काकूंनी पहिल्यांदा माझं मनगट धरलं. घरी आल्यावर बोलल्या, पलंगावर टेकून, भिंतीकडे बघत.

"मी उद्यापासून नाई येत. ह्या गाडीपरीस घरचं मरन बरं."

काकाजी म्हणाले, "अर्धा शेक झाला. आता सोडला तं डॉक्टर म्हंते, हाड मोडते."

"मोडू द्या. तसंबी रोज थोडं थोडं मोडूनच राह्यलं."

मी उंबऱ्यात उभा. माझ्यामुळे उपचार सुटणार, हे मला समोर दिसत होतं. म्हणालो, "काकू, दुसरा ड्रायव्हर बघा. माझ्या हातात खोट आहे. दुकानातून आणतो तेव्हा गाडी सरळ असते."

काकूंनी मान वळवली.

"तवाबी तूच चालवते ना रे?"

"हो."

"मंग हाताले कावून बोल लावतं? रिकामी असली का सुदी चालते, अन् मी बसली का ओढते. मंग मलेच घेऊन चाला ना त्याच्यापाशी."

"तुले? तिथी?" काकाजी उभेच राहिले. "लोकं पाह्यतीन."

"पाहू द्या. मी काय कोनाचं चोरून आनलं काय?"

काकाजींनी वहाण घातली, काढली, पुन्हा घातली. मग गादी उचलायला माझ्याबरोबर आले.

त्या दिवशी दुकानात आम्ही जशीच्या तशी गाडी नेली. घमेल्यासकट. अलाइनमेंटवाला काहीतरी टोमणा मारतच पुढे आला आणि खिडकीपाशी थांबला. काकूंच्या केस गेलेल्या डोक्यावर रुमाल नव्हता, उकाड्यानं त्यांनी काढून टाकला होता. त्यानं मागे वळून दुकानात लागलेलं गाणं बंद करायला लावलं.

काकूच म्हणाल्या, "माया कमरेचाबी काटा पाहून घे रे बापा. लय दिवस झाले, डावीकडंच चालून राह्यली मी."

"काकू, तुमच्या कमरेचं सामान माह्यापाशी नाही."

"ज्याच्यापाशी हाय तो रोज म्हंते, उद्या या."

तो हसला, मग गाडीभोवती फिरला, बॉनेटपासून डिकीपर्यंत हातानं उंची मोजत. डाव्या बाजूच्या स्प्रिंगा बसल्या होत्या. गाडी रिकामी असली की ते कळत नव्हतं. काकू, काकाजी, दोन्ही कॅन, सगळं वजन एकाच बाजूला आलं की गाडी तिकडे बसायची आणि चाक फाकायचं. आम्ही दोनदा त्याला धुतलेली, रिकामी गाडी दाखवली होती. जी गाडी अकोल्याला जात होती, ती त्यानं पाहिलीच नव्हती.

"स्प्रिंगा नागपूरहून मागवा लागतीन," तो म्हणाला. "जायचं कधी?"

"उद्या सकाळी," मी म्हणालो.

"मंग उतरू नका कोणी. जशी जाता तशीच चाकं लावून देतो."

तो गाडीखालच्या खड्ड्यात उतरला. मी स्टिअरिंगवर, काकू पत्र्याकडे बघत पडलेल्या, काकाजी मागून त्यांचं डोकं धरून. शेजारच्या चहाच्या टपरीवरून दोघंतिघं येऊन उभे राहिले. एकानं विचारलं, काय झालं बाईंना? काकाजींची नजर खाली होती. मग म्हणाले, "कॅन्सर हाय. अकोल्याले शेक घेऊन राह्यलो." आवाज अगदी बारीक. काकूंनी डोळे मिटून घेतले. त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा काय होतं ते मला आजही नीट सांगता येत नाही. सुटल्यासारखं काहीतरी.

दुसऱ्या दिवशी मूर्तिजापूर गेलं, बोरगाव गेलं, गाडी पट्टीच्या मधोमध. काकू झोपल्या होत्या, तोंड थोडं उघडं. आरशात काकाजींनी मला मान हलवून दाखवलं, हळू. मी हळूच होतो.

सगळा शेक पुरा झाला. स्प्रिंगा आल्या, पण काकाजी म्हणाले, आता सरळ चालून राहिली, हात नको लावू. दुखणं काही दिवस थांबलं. काकू एकदा अंगणात बसून वांगी चिरताना मला म्हणाल्या, "मायले फोन करत जाजो." मग दुखणं फुप्फुसात गेलं. तिथं शेक चालत नव्हता.

काकू गेल्या, त्यानंतरचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर काकाजी म्हणाले, हवेची गादी अन् चाकाची खुर्ची अकोल्याला वार्डात देऊन येऊ, कोणाच्या कामी पडेल. कॅन घेतले नाहीत. सवयीनं ते पुढच्या रिकाम्या सीटमागेच बसले. लोणीच्या पुढे गाडी उजवीकडे, दुभाजकाकडे जायला लागली. मी सावरलं. पुन्हा गेली. हातांना डावीकडे आणायची सवयच नव्हती.

"ओढते?" काकाजींनी विचारलं.

"हो. उजवीकडे."

ते बाहेर बघत राहिले. कापसाच्या पऱ्हाट्या उपटून झाल्या होत्या, काळी जमीन नुसती पडलेली. मग म्हणाले, "स्प्रिंगा असतीन त्याच्यापाशी. बसवून घेजो. अन् रिकामीच लावून आनजो आता."

दोन दिवसांनी मी गाडी नेली. धुतली नव्हती. अलाइनमेंटवाल्यानं लांबूनच हात केला आणि दोघांना हाक मारली, "या रे, बसा गाडीत, ह्या गाडीचं काम वजन घालून असते."

"नको," मी म्हणालो. "रिकामीच."

त्यानं पाडलेल्या सीटकडे पाहिलं. आलेल्या दोघांना हातानंच परत पाठवलं. मग खाली वाकून ती सीट हलकेच उभी केली, स्टिअरिंगला दांडी अडकवून ते सरळ धरलं आणि खड्ड्यात उतरला.