ममताची जागा खाली

कुमुदताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या ग्रंथालयात काचेचं कपाट पुसत होते. त्यांच्या मुलाने मालवीय नगरहून केला होता. "आई सकाळी उठलीच नाही," एवढंच म्हणाला... आदल्या दिवशीच ताई म्हणाल्या होत्या, "उद्या ममताला परत एकदा फोन लावू गं."

ताई आमच्या ग्रंथपाल, मूळच्या साताऱ्याच्या. मी त्यांची सहायक, जन्माने जयपूरची. घरात आईची वऱ्हाडी मराठी आणि बाकी सगळा दिवस हिंदी. माझ्या मराठीतल्या 'मतलब'वर त्या मनसोक्त हसायच्या. दारातल्या त्या कपाटात वर्षानुवर्षं ढाली आणि पाहुण्यांचे फोटो होते. ताईंनी ते एका दुपारी उचलून अडगळीत टाकले आणि मुलांना सांगितलं, ज्या वस्तूशिवाय घर घर वाटत नाही ती इथल्या प्रदर्शनासाठी आणा, आणि तिच्याबद्दल आपल्या बोलीत, आपल्या अक्षरात लिहा. प्राचार्य कुरकुरले, ताईंनी मनावर घेतलं नाही. मला म्हणाल्या, "पोरं इथं अंग चोरून बसतात गं, परक्याच्या घरी बसल्यासारखी."

त्या मुलांतली ममता झोटवाड्याहून यायची, व्हीलचेअरवर. तिची आई ओढण्यांना गोटा, म्हणजे जरीची चमकदार पट्टी, शिवून देते. त्याच गोट्याचं रीळ ममताने ताईंकडे आणून दिलं. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी ताई लवकर घरी गेल्या, माझ्यासाठी चिठ्ठी ठेवून: 'ममताची जागा खाली ठेव.' खालचा कप्पा, तिला खुर्चीतून नीट दिसेल असा... शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण दिवसभर हिंदी वाचणाऱ्या माझ्या डोळ्यांनी वाचलं, रिकामी ठेव. वाटलं, वस्तू अजून यायची असेल. मी वरच्या कप्प्यात तिच्या नावाचं कार्ड लावलं आणि पुढची जागा तशीच सोडली. रीळ ताईंच्या खणातच राहिलं.

दुसऱ्या दिवशी ममता आली आणि मान वर करून बघत राहिली. "यहाँ भी?" एवढंच बोलली. ताई पुढे झाल्या. "गलती मेरी है, बेटा." मी शेजारीच उभी होते, तोंडातून अवाक्षर काढलं नाही. ममता रीळ मांडीवर घेऊन गेली ती परत आलीच नाही. ताई रोज फोन लावायच्या, ती उचलायची नाही. मला त्यांनी कधी बोल लावला नाही. "अडलं की विचारावं गं बाई," बस. त्यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ममताला खरं काय ते सांगायचं, असं मी रोज ठरवायचे आणि रोज उद्यावर ढकलायचे...

ताई गेल्याचं कळून ममता आली, दहा-बारा दिवसांनी. मी ती चिठ्ठी तिच्यापुढे धरली, 'खाली'चा मराठी अर्थ सांगितला, माझी चूक सांगितली, माझं गप्प राहणंही सांगितलं. ती त्या शब्दावर बोट ठेवून बसून राहिली. "मैं तो मैडम से नाराज़ ही रह गई," म्हणाली आणि तिला रडू फुटलं. मलाही आवरेना. मला माफ केलंस का, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

मग तिने पिशवीतून रीळ काढलं आणि खालच्या कप्प्यात आपल्या हाताने ठेवलं. वळताना तिची नजर आतल्या टेबलाकडे गेली. तिथल्या खुर्चीच्या पाठीवर ताईंची करडी शाल अजून तशीच आहे.

"मैडम की कुर्सी?" तिने विचारलं.

"खाली है," मी म्हटलं.