वन्संची परवानगी

परवानगी या गोष्टीची जेवढी कदर माझ्या थोरल्या नणंदेला आहे, तेवढी सबंध सोलापूर जिल्ह्यात दुसऱ्या कुणाला नसेल. मोबाइलने काही विचारलं की आपण न वाचता ‘हो’ म्हणून मोकळे होतो. वन्सं वाचतात. चष्मा पुसून, मोठ्यानं वाचतात आणि शांतपणे ‘नाही’ दाबतात. जमीन मोजणीच्या कचेरीत त्यांची अख्खी नोकरी झाली. भावाभावांतली बांधाची भांडणं त्यांनी इतकी पाहिली, की “एकदा कुणाला बांधावरून चालू दिलं की पुढं तिथं गाडीरस्ता होतो,” हे त्यांचं जगण्याचं सूत्रच होऊन बसलं. टॉर्चच्या एका ॲपनं त्यांच्याकडे माइक मागितला, तर “उजेड पाडायला याला माझा आवाज कशाला पाहिजे?” म्हणून त्यांनी ते काढून टाकलं आणि घरात मेणबत्त्या आणून ठेवल्या.

लग्नाच्या भानगडीत त्या पडल्या नाहीत. जुळे सोलापुरात एकट्याच राहतात. आम्ही पुण्यात, धाकटे दीर बंगळुरात. दर रविवारी सकाळी सगळ्यांनी ऑनलाइन भेटायचं अशी टूम निघाली, तेव्हा वन्सं काही येत नाहीत, असं आम्ही धरून चाललो होतो. पण त्या आल्या. फक्त आवाजानं. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर त्यांनी मरून रंगाची टिकली चिकटवली होती आणि ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन कॅमेऱ्याला कायमची मनाईही करून ठेवली होती. “कडी लावली म्हणून कुलूप लावायचं नाही की काय?” त्यामुळे पडद्यावर आम्हा सगळ्यांची तोंडं आणि वन्संच्या जागी एक काळा चौकोन. त्या चौकोनातून हुकूम सुटायचे. “बाळू, दाढी कर,” हे धाकट्या दिरांना. “अगं, मागच्या दोरीवरचे टॉवेल आत घे, चारचौघांत काय ते!” मीटिंग संपली की माइकला दिलेली परवानगीसुद्धा त्या काढून घ्यायच्या. पुढच्या रविवारी चौकोन मुका, आणि आम्ही सगळे ‘माइक! माइक!’ असा गजर करत बसायचो. बऱ्याच वेळानं उत्तर यायचं, “ओरडू नका. विचार करून देतेय.”

दुसऱ्यांच्या माइकवरही त्यांचीच सत्ता, कारण मीटिंग त्याच सुरू करायच्या. एकदा त्यांनीच पाठवलेली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी घेऊन धाकटे दीर बसले होते. भाकरी मोडल्याचा आवाज असा, की कुणी छपरावरची कौलं फोडतंय. वन्संनी त्यांचा माइक बंद केला तो भाकरी संपेपर्यंत. बिचारे मध्येच हातवारे करून काही सांगत होते. त्यांना बढती मिळाल्याचं आम्हाला संध्याकाळी कळलं.

माझ्या मुलीच्या लग्नाची पहिली बोलणीही अशीच झाली. मुलाकडचे सांगोल्याचे, डाळिंबाची बाग असलेले. मुलाचे आजोबा बराच वेळ पडदा न्याहाळत होते. शेवटी म्हणाले, “समदी दिसत्यात, पण आत्याबाई कुटं हायत? नुसता आवाजच येतोय की!”

आता काय सांगायचं यांना? घरची थोरली बाई तोंड लपवून बसते म्हणजे काय?

“मी इथेच आहे, आजोबा,” काळा चौकोन म्हणाला. “पण तुमच्या मागचा पडदा मघापासून हलतोय. तो आधी बाजूला करा की.”

मग पडदा सरकला आणि मागं दाटीवाटीनं बसलेल्या काकवा, माम्या आणि त्यांच्यामधून मान काढणारी एक शेळी, असा सगळा गोतावळा उघडा पडला. आजोबा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. “लई हुशार बाई हाय! ह्या घरची पोरगी आपल्याला पायजेच.”

लग्न थाटात झालं. पण त्यानंतर वन्संचे गुडघे गेले आणि त्यांचं पुण्याला येणं थांबलं. आमचंही सोलापूर या ना त्या कारणानं पुढं पुढं जात राहिलं. रविवारी आवाज ऐकू यायचा, खणखणीत असायचा, आणि तेवढ्यावर आम्ही निश्चिंत होतो.

गेल्या हिवाळ्यात माझ्या नवऱ्याच्या हृदयाची शस्त्रक्रिया ठरली. आत नेण्याआधी हे मला म्हणाले, “ताईला लाव. तोंड बघायचंय तिचं.”

मी वन्संना कळवलं, त्यांनी मीटिंग सुरू केली आणि मी फोनवरून जोडली गेले. नेहमीचा चौकोन आला.

“ताई, कॅमेरा लाव ना,” हे म्हणाले.

एरवी यावर तासभर ऐकावं लागलं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, “लावते.” टिकली खरवडल्याचा आवाज आला. चौकोन काळाच.

“अगं, हे यंत्र मला विचारतच नाहीये!” वन्संचा आवाज कधी नव्हे तो कापत होता. “मी हो म्हणतेय की! विचारत का नाही?”

“वन्सं, तुम्ही कायमची मनाई केलीय ना, म्हणून ते आता विचारणार नाही. वर जिथं साइटचा पत्ता लिहिलेला असतो, त्याच्या डावीकडची खूण दाबा. तिथं कॅमेऱ्याला परवानगी द्या आणि पान पुन्हा उघडा.”

“पान पुन्हा उघडलं तर तुम्ही जाल का गं?”

“नाही, वन्सं. आम्ही इथंच आहोत.”

चौकोन नाहीसा झाला. वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन दारात उभा होता. मी त्याला हातानंच थांबवलं. आणि मग वन्सं दिसल्या. केस पांढरेशुभ्र, गाल बसलेले, कॅमेऱ्याच्या इतक्या जवळ की कपाळ अर्धंच मावलेलं.

हे बघतच राहिले. “ताई, अगदी आईसारखी दिसायला लागलीस.”

“म्हणूनच दाखवत नव्हते,” वन्सं म्हणाल्या. “आरशात मलाच दचकायला होतं. तू तर लहानपणापासूनचा रडका. जा आता. लवकर बरा हो.”

शस्त्रक्रिया नीट पार पडली. डॉक्टरांनी प्रवासाला हो म्हटल्याबरोबर आम्ही सोलापूर गाठलं. वन्संनी भावाला समोर बसवून जेवू घातलं, त्याच्या चालण्यातल्या चुका काढल्या, मला औषधांच्या वेळांवरून झापलं. पुण्याला चला, असं आम्ही दोघांनीही पुन्हा पुन्हा विनवलं. “बघू,” म्हणाल्या. त्यांच्या ‘बघू’चा अर्थ आम्हाला ठाऊक आहे.

निघताना त्या काठी टेकत फाटकापर्यंत आल्या. रिक्षा सुरू झाली. हे समोर बघत बसले होते, मान वळवेनात.

“तू बघ गं,” थोड्या वेळानं मला म्हणाले, “उभी आहे का अजून?”

मी मागं वळून पाहिलं. “आहेत,” म्हटलं.