तनुजानं लावलेली झालर

…तर काल आपण तनुजाला पाण्यात सोडून उठलो. चौथी फेरी, तलावाचा ऐन मध्य, तिच्या शर्यतीच्या नव्या सुटाची झालर उलटी होऊन गुडघ्यांना गुंडाळली, पाय बांधल्यासारखे झाले आणि बाई खाली गेली, इथपर्यंत आलो होतो. आधी जिवाचं सांगून टाकू, बुडाली नाही. बाजूची तरंगती दोरी हाताला लागली आणि पद्मजा मॅडमनं दंड धरून तिला कडेला घेतलं. ही पद्मजा तिथं सकाळच्या बायकांच्या तुकडीला पोहायला शिकवते. तनुजाचा खोकला थांबेपर्यंत ती थांबली आणि मग एवढंच म्हणाली, "ही झालर कोणत्या दुकानदारानं लावून दिली?"

"मीच शिवली," तनुजा म्हणाली. दात वाजत होते. पाण्याचा गारठा त्यात निम्माच.

काल जे नव्हते त्यांच्यासाठी जरा मागं जाऊ. तनुजा मुकुंदवाडीत, स्टेशनकडं उतरणाऱ्या गल्लीत ब्लाउज शिवते. वय एकेचाळीस. माहेर अजिंठ्याच्या बाजूचं खेडं. वीस वर्षं मशीन चालवून कंबर धरली, डॉक्टर म्हणाले पोहा. पहिले पंधरा दिवस तिनं पायऱ्यांचा दांडा सोडला नाही, आणि सोडला तो असा की वर्षभरात तुकडीतल्या सगळ्या बायका मागं. पद्मजानं मग तिचं नाव ट्रायथलॉनला घातलं. म्हणजे काय, तर साडेसातशे मीटर पोहायचं, तसंच ओल्या अंगानं सायकलवर बसून दौलताबादच्या रस्त्यानं वीस किलोमीटर हाणायचं, आणि सायकल टाकली की पाच किलोमीटर पळायचं. सायकलचं तिला काही नव्हतं, शिवलेले ब्लाउज पोचवायला ती रोज हिंडायची. पळायलाही शिकली.

घोडं अडलं कपड्यावर. मधे कपडे बदलायला आडोसा नाही, जे अंगावर असेल त्याच्यावरच तिन्ही कामं. तनुजा म्हणाली, पंजाबी ड्रेस घालते. पद्मजा म्हणाली, पायचा सायकलच्या चेनमध्ये जाईल, आणि सुती कापड पाणी पितं. मग पोहायच्या सुटावरून टी-शर्ट घालते. त्याचा पाण्यात फुगा होतो. राहिला शर्यतीचा खरा सूट. बिनबाह्यांचा, निम्म्या मांडीपर्यंत, अंगाला चिकटलेला, बसायच्या जागी पातळ गादी. तनुजानं दुकानात तो हातात घेतला आणि पहिल्यांदा उलटा करून शिवण बघितली.

"आत मार्जिनच नाय," ती दुकानदाराला म्हणाली. "अंग जरा इकडंतिकडं झालं तर उसवायचं काय न् सोडायचं काय?"

तिच्या हातच्या ब्लाउजात दीड बोट कापड आत दुमडलेलं असतंच. बाई भरते, वाळते, बाळंत होते, लेकीला आपला ब्लाउज देते, त्याची सोय आधीच. त्या हाताला हा सूट म्हणजे अर्धवट सोडलेलं काम वाटलं. घरी आणून तिनं जुन्या पावसाळी जाकिटाचं कापड काढलं, चुण्या पाडल्या आणि कमरेपासून गुडघ्यापर्यंत झालर लावली. शिवण अशी बेमालूम, की दुकानातून तशीच आलीय वाटावी. आणि त्याच झालरीनं तिला खाली ओढलं.

पण बाई एवढी घाबरली ते नुसत्या पाण्याला नाही. त्याच्यामागं पारूबाई होती.

पारूबाई तनुजाची आत्या. पोहण्यात पंचक्रोशीत तिचा हात कुणी धरत नव्हतं. नऊवारीचा काष्टा घट्ट खोचून विहिरीच्या कठड्यावरून सूर मारायची. तनुजा नऊ वर्षांची असताना एकदा दोर तुटून घागर बुडाली, आत्या काढायला उतरली. पोर काठावर पालथी पडून बघत होती. खाली काष्टा सुटला आणि नऊ वार लुगडं पायांना वेटोळं घालत गेलं. पाणी नुसतं ढवळत राहिलं. मग आत्या वर आली, नुसत्या चोळीवर. लुगडं तिनं तळातच सोडलं होतं. शेजारच्या वावरातल्या सर्जेरावनं तोंड फिरवून आपलं उपरणं फेकलं.

जीव वाचला हे गावात कुणी बोललं नाही. महिनाभर बोलले ते लुगड्याचं. पारूबाई पुन्हा विहिरीकडं फिरकली नाही.

आता पुढचं ऐका. हा किस्सा चार गावं फिरत तनुजाच्या सासऱ्यापर्यंत आला. तात्यासाहेब मोठा बोलका माणूस. लग्नाची पंगत बसली की 'पारूचं लुगडं' हमखास निघायचं आणि खाणाऱ्यांना ठसका लागायचा. तनुजा डोक्यावरचा पदर सावरत वाढत राहायची. आत्या तिची, पण वीस वर्षांत ती तात्यांसमोर खुर्चीवर बसली नव्हती, तर बोलणार काय?

आणि ज्या गुरुवारी ती बुडता बुडता वाचली, त्याच संध्याकाळी तात्यांनी ओट्यावरून जाहीर केलं, "रविवारी आम्ही येणार बघायला. गावाकडून माझा दोस्त कारभारी बी येतोय. सूनबाईची शर्यत हाय म्हणल्यावर!"

तिच्या हातातली सुई बोटात गेली. डोळा लागला की झालर पायात यायची, झालर काढली की समोर पंगत हसायची. नवऱ्याला, गोकुळला, विचारलं, तर तो म्हणाला, "तुला काय घालायचं ते घाल, माझं काय नाय. फक्त तात्यांना तूच सांग."

"तुमचे वडील हायेत."

"म्हणूनच."

शनिवारी दुपारी तिनं गावाकडं फोन लावला. पारूबाई आता सत्तरीची. आधी पोराबाळांचं, पावसापाण्याचं झालं. मग तनुजानं विचारलं, "आत्या, लुगडं सोडलंस तवा भ्याली नव्हतीस?"

पलीकडं पारूबाईनं आधी कोंबड्या हाकलल्या.

"पाण्यात नाय भ्याले," पारूबाई म्हणाली. "वर आल्यावर भ्याले. माणसं बघून. अजून भेते बाई, बाजारात चार जण हसले की वाटतं, माझंच चाललंय. पण भ्यायला जित्ती तर हाय." आणि मग, "तू का इचारतीस?"

तनुजानं झालरीचं सांगितलं.

"येडी," आत्या म्हणाली. "काढ ती."

तिनं कात्री घेतली, खाली ठेवली. कात्री लागली तर सूट कापला जाईल. ब्लेडनं एकेक टाका उसवायला बसली. आपलाच बेमालूम टाका, निघता निघेना. घामानं ब्लेड निसटायचं. तास गेला. शेवटी झालर मांडीवर पडली आणि सूट दुकानातून आणला होता तसा दिसायला लागला, बिनमार्जिनचा. तिनं तो घडी करून पिशवीत टाकला.

रविवारी सकाळी साडेसहाला तलावाच्या काठावर दीडशे माणसं. थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ. तनुजा घरातली सोलापुरी चादर हनुवटीपर्यंत ओढून उभी. पद्मजानं दोनदा खुणावलं, चादर काढ. तिची बोटं चादरीवरून सुटेनात. तेवढ्यात गर्दीतून पांढरी टोपी हलत आली. तात्यासाहेब, मागं कारभारी.

"काय पोरी, पांघरूण घेऊनच पोहायचं का?" कारभारी म्हणाला.

शिट्टीला दोन मिनिटं राहिली. तिनं पाण्याकडं बघितलं, तळ दिसत होता, हिरवा, विहिरीसारखा. मग चादर खांद्यावरून काढली, घडी घातली, वेडीवाकडी, टोकाला टोक न लावता. काठावर अंगावर वारा आला. डोक्यावर पदर नव्हता, पदर घ्यायला काही नव्हतंच, नुसती रबरी टोपी. अशी ती वीस वर्षांत पहिल्यांदा सासऱ्यासमोर उभी राहिली.

कारभारी दुसरीकडं बघायला लागला. तात्यांनी डोक्यावरची टोपी सारखी केली.

"सूनबाई," ते हळूच म्हणाले, "गावाकडं इचारतेत मला. काय सांगू त्यांना?"

तनुजानं चादर त्यांच्या हातात दिली.

"पारूआत्याचं जसं सांगता तसं माझं बी सांगा, तात्या. मला फक्त वर यायचंय. ही चादर तेवढी कोरडी ठेवा."