तीन हात वाढलेली होडी

वडील जाऊन दीड महिना झाला. भेटायला येणारी माणसं आता थांबली आहेत आणि दुपारी लिहायला बसता येतं. त्यांच्याविषयी लिहिण्यासारखं बरंच आहे, पण मला आधी होडीचंच लिहावंसं वाटतं.

ऊसमळ्यावरचा पाच वर्षांचा करार संपल्यावर त्यांनी एक जुनी, अरुंद होडी घेतली. मूळचे ते कोकणातल्या खाडीवरचे. या बेटाच्या पूर्वेला एक लहान नदी समुद्राला मिळते. नदीतून वर मळ्याच्या धक्क्यापर्यंत जायचं, साखरेची पोती भरायची आणि मुखाशी थांबलेल्या गलबतावर चढवायची, असं त्यांचं काम. दिवसाला दोन खेपा होत. राहणंही होडीतच. मागच्या भागावर झावळ्यांचं छप्पर, त्याखाली आई, वडील, मी आणि धाकटी बहीण. एकाने कूस बदलली की चौघांना बदलावी लागे.

धक्क्याजवळच्या पडवीत रत्नागिरीकडचे एक मास्तर मुलांना बाळबोध अक्षरं आणि थोडं फ्रेंच शिकवत. वडील पहिल्या खेपेला मला तिथे सोडत, दुसऱ्या खेपेला घेऊन जात.

आईला तिसरं मूल होणार हे कळलं आणि जागेचा प्रश्न आला. एक रुंद होडी विकाऊ होती. तिच्यात आम्ही पाय पसरून झोपलो असतो, आणि किनाऱ्यालगत माल नेण्याचं कामही तिला मिळालं असतं. पण ती नदीत शिरली नसती, म्हणजे माझी शाळा संपली. दुसरा मार्ग मुखाजवळच्या, बेटावरच जन्मलेल्या क्रिओल सुताराने सुचवला. आहे तीच होडी मधोमध कापायची आणि मध्ये चार हात नवी घालायची. लांबी वाढेल, रुंदी तीच राहील.

वडिलांचं मन होईना. दर नारळी पौर्णिमेला ते या होडीच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, हळदकुंकू लावत. पुजलेल्या होडीला करवत लावायची नाही, अशी त्यांच्या गावची रीत.

"रुंदच घ्या," आई म्हणाली. "पोरीला चार अक्षरं आली, पुरे. शिकून काय ती लाटसायब होनार?"

"न शिकून आमी कुटं झालो?"

"मग कापा."

"कापा म्हणं. भोपळा हाय काय तो?"

तरी दुसऱ्या दिवशी त्यांनी होडीच्या मागे चार हात बाहेर येईल असा एक बांबू बांधला आणि मला घेऊन नदीत वर निघाले. वाढलेली होडी वळणांतून निघेल का, हे बघायचं होतं. शेवटच्या वळणावर बांबू खडकाला घासला. त्यांनी तो हातभर तोडला, मागे येऊन पुन्हा वळण घेतलं, आणि या वेळी त्यातून निघालो. "तीन हात," ते म्हणाले. धक्क्यावर बांबू सोडून टाकला आणि नेहमीसारखी होडी फिरवून आम्ही परत आलो.

राहिला होता कौल. गावी देवाला विचारतात तसं ते होडीला विचारणार होते. डागडुजीसाठी ती वाळूवर ओढलेली होती. सकाळी त्यांनी नाळेवर जास्वंदीच्या दोन ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आम्ही समोर बसून राहिलो. ऊन चढलं. एकही पडेना.

सुतार हत्यारं घेऊन आला. थोडा वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "दोस्ता, काल संध्याकाळी मी तिथे डांबर फासलंय. ती फुलं आता नाताळापर्यंत तिथेच."

नाळ मुळातच काळी, आम्हाला दिसलंच नव्हतं. आईने पदराने तोंड झाकलं. वडील हसले नाहीत. म्हणाले, "नको तर नाय म्हणाली."

कोरड्या जागी पुन्हा कौल लावता आला असता. त्यांनी लावला नाही. डावी पडेल याची त्यांना भीती होती, हे मला फार उशिरा समजलं. त्यांनी करवत मागून घेतली. पाप असलंच तर ते दुसऱ्याच्या हातून नको, म्हणाले. पहिला काप त्यांनीच घेतला. मी आज जे वाचते, ते त्या सकाळमुळे वाचते.

काम महिनाभर चाललं. भाऊ त्या नव्या फळ्यांवरच जन्मला.

वाढवलेली होडी पहिल्यांदा वर गेली तेव्हा सगळी वळणं नीट पार पडली. मी धक्क्यावर उतरले. पोती भरून वडील होडी फिरवायला गेले, तर नाळ एका काठाला आणि मागचं टोक दुसऱ्या काठाला टेकलं. त्या दिवशी आपण होडी फिरवली ती बांबू सोडून टाकल्यावर, हे त्यांच्या तेव्हा ध्यानात आलं. ते स्वतःशीच हसले.

"आता उलटंच जायचं," म्हणाले.

मागच्या टोकाला उभं राहून, काठी टेकत, प्रवाहाबरोबर ते होडी मागे मागे नेत गेले. नाळ माझ्याकडे, त्यांचं तोंडही माझ्याकडे. पुढची चार वर्षं ते रोज तसेच गेले. मास्तरांनी हाक मारली तरी मी धक्क्यावर थांबून राही, कारण वळणापर्यंत ते माझ्याकडे बघत असत.